आठ एकतीसचा कागद

त्रिलोकेकरबाई भांडखोर होत्या. हे मी आधीच सांगून टाकते, कारण शाळेच्या पंचाहत्तरीच्या अंकात कोणीतरी त्यांना 'मृदुभाषी आणि सोशिक' करून ठेवलंय. ज्याने हे लिहिलं त्याने बाईंना पाहिलेलं नसावं, किंवा पाहिलं असेल तर शेवटच्या बाकावर झोपेत. मृदुभाषी म्हणाल तर होत्या. आवाज कधी चढला नाही. पण त्या हळू आवाजात एक प्रश्न विचारायच्या आणि उत्तर मिळेपर्यंत समोरच्याकडे बघत उभ्या राहायच्या. मोठमोठ्यांना घाम फुटायचा. सोशिक तर त्या एका दिवसापुरत्याही नव्हत्या.

पूर्ण नाव राजलक्ष्मी त्रिलोकेकर. गिरगावात ठाकूरद्वारला राहायच्या. घराणं प्रभूंचं, मुंबईतलं जुनं. आजोबांच्या काळी दोन चाळी होत्या म्हणे, आमच्या वेळेपर्यंत एक जिनासुद्धा उरला नव्हता. वडील कुलाब्याच्या वेधशाळेत कारकून. बाई बी.एस्सी. झालेल्या, लग्न न केलेल्या. गिरगावातली चांगली मुलींची शाळा सोडून त्या त्रेपन्न साली काळाचौकीला आमच्या शाळेत आल्या. ही घाटावरची आणि कोकणातली गिरणीवाल्यांची पोरं, ही बाई इथे महिनाभर टिकायची नाही, असं हेडमास्तर विजयकर सरांना वाटलं होतं. आम्हालाही वाटलं होतं. मग मधल्या सुट्टीत त्यांनी डबा उघडला, त्यात कोलंबीचं आटलं, म्हणजे दाट कालवण, निघालं, आणि वर्गातल्या कोकणच्या पोरांनी बाईंना तिथल्या तिथे पास करून टाकलं.

मी कमल, पंचावन्न साली आठवीतली. माझे बाबा लवू घाडी, शाळेला लागून असलेल्या गिरणीत साचेवाले. साचा म्हणजे कापड विणायचं यंत्र. शाळेची मागची भिंत तीच गिरणीच्या कंपाउंडची भिंत, त्यामुळे गिरणी चालू असली की आमच्या बाकावरची दऊत हलत असायची.

विज्ञानाच्या पुस्तकात भूकंपाचा दीड पानाचा धडा होता. बाईंनी तो एकदा मोठ्याने वाचून घेतला आणि पुस्तक मिटलं. "जमीन हलली, असं पुस्तक म्हणतंय. हलली हे कशावरून? किती? किती वाजता? मोजता येत नसेल तर ही नुसती बातमी झाली." मग दोन महिने खपून आम्ही जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीत भूकंप मोजायचं यंत्र बनवलं.

फरशी उखडून मातीत एक दगड रोवला. दगडावर लोखंडी दांडा, दांड्याला आडवी टांगलेली काठी, काठीच्या टोकाला भंगारातून आणलेलं लोखंडाचं जड वजन. जमीन हलली की दगड हलणार, दांडा हलणार, पण वजन आळशी माणसासारखं जागच्या जागी राहणार. त्या दोघांतला फरक एका सुईने लिहायचा. लिहायला डालड्याचा मोठा डबा, भिंतीवरच्या जुन्या घड्याळाच्या यंत्रावर फिरणारा. तासाला एक फेरी, म्हणजे तासाला एक ओळ, दिवसाला चोवीस ओळी. सुईसाठी बारीक पोलादी काडी हवी होती. साच्यात धाग्यांमधून जी फणी फिरते तिच्या मोडक्या तुकड्यातली एक काडी बाबांनी आणून दिली. देताना मला म्हणाले, "काय गो, साच्याची फणी आता भूकंप विणतली?"

शाई नव्हती. डब्यावर गुळगुळीत कागद गुंडाळायचा आणि तो रॉकेलच्या चिमणीवर धरून काळा करायचा. सुई त्या काजळीवर पांढरी रेघ ओढत जायची. रोज सकाळी सातला कागद उतरवायचा, स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेत बुडवायचा आणि दोरीवर वाळत घालायचा. लाख बसली की काजळी पक्की. पण त्याआधी बोट लागलं तर संपलंच, रेघ कायमची पुसली जायची. म्हणून बाईंचा एकच कायदा होता. कागदाला हात लागला तर सारवासारव करायची नाही. समासात लिहायचं, कोणाचा हात आणि कधी. आठवडाभराचे कागद वर्गात भिंतीवर लावलेले असायचे.

वडिलांच्या ओळखीतल्या एका निवृत्त वेधशाळावाल्या गृहस्थांना बाईंनी हे सगळं पत्राने कळवलं. त्यांचं उत्तर आलं की गिरणगावात असलं यंत्र ठेवणं म्हणजे वरातीत बसून तंबोरा लावणं आहे. बाईंनी ते पत्र वर्गात वाचून दाखवलं. "बरोबर आहे त्यांचं. पण वरात कोणाची, कुठून निघते आणि किती वाजता संपते हे पाठ असेल तर तंबोराही लावता येतो. आधी गिरणी पाठ करा. गिरणी वजा केली की उरेल ती पृथ्वी."

आणि आम्ही गिरणी पाठ केली. कवितासुद्धा इतक्या पाठ नव्हत्या. सगळे साचे एकाच मोटरवर चालायचे, ते चालू असले की रेघ जाड आणि खरबरीत. सूतखात्याची मोटर वेगळी, तिची रेघ बारीक, दाट थरथरीची. अकराच्या सुट्टीत दोन्ही पातळ. साडेतीनला पाळी बदलताना साचे एकेक करून बंद होतात, कारण प्रत्येक साचेवाला आपापला साचा थांबवतो, म्हणून रेघ पाच-सहा मिनिटं बारीक होत जाते. पोरं घरी जाऊन बापाला विचारायची, "परवा दहाला तुमच्या खात्यात काय झालं?" आणि बाप चाट पडायचे. भूकंप मात्र चार महिन्यांत एकही सापडला नाही. आम्ही हिरमुसलो की बाई म्हणायच्या, "आला नाही, हीसुद्धा नोंदच." पुढे छप्पनच्या जुलैत कच्छमध्ये अंजारला मोठा भूकंप झाला तेव्हा याच यंत्राने तो लिहिला, आणि आम्ही पोरांनी गिरणीच्या रेघेतून तो वेगळा काढून दाखवला. पण तेव्हा यंत्र शाळेत राहिलं नव्हतं. ते का, तेच मला सांगायचंय.

पंचावन्नचा नोव्हेंबर. मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही, असं वर ठरत होतं, आणि काळाचौकीत ज्याच्या तोंडी बघावं त्याच्या एकच, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. एकवीस तारखेला, सोमवारी, सगळ्या गिरण्यांचा संप जाहीर झाला. आमच्या चाळीतले दगडू साटम हे आमच्या गिरणीतल्या संप कमिटीचे. मी त्यांना मामा म्हणायची.

त्या दिवशी ट्राम, बस काही नव्हतं. घड्याळाला किल्ली देऊन कागद बदलायला बाई पहाटे साडेपाचला ठाकूरद्वारहून चालत निघाल्या. लालबागच्या नाक्यावर पोरांनी त्यांना अडवलं. "बाई, आज सगळं बंद हाय. शाळापण."

"शाळा बंदच आहे. पृथ्वी बंदमध्ये सामील आहे का, तेवढं कमिटीला विचारून या. मी इथे थांबते."

पोरांनी रस्ता दिला. त्या आठवड्यात यंत्राची पाळी माझी होती. सातला आम्ही दोघींनी नवा कागद चढवला. मी घरी आले तर आई दारातच उभी. बाबा रात्रपाळीला गेलेले, ते परतलेच नव्हते. साडेसहाला साहेब लोकांनी गिरणीचं गेट आतून कुलूप लावून बंद केलं होतं आणि रात्रपाळीची बत्तीस माणसं आत अडकवली होती.

आठच्या सुमाराला गेटबाहेर हजार-दोन हजार माणसं जमली होती. आई आणि मीही होतो. तेवढ्यात आतून साचे सुरू झाल्याचा आवाज आला. आमच्या आयुष्यात रोजचा असलेला तो आवाज त्या दिवशी शिवीसारखा लागला. "चालवतायत! आतले हरामखोर साचे चालवतायत!" कोणीतरी ओरडलं, आणि आईने माझा हात इतका घट्ट धरला की वळ उठले. मग घोषणा देत मोर्चा फाउंटनच्या दिशेने निघाला. आम्हीही निघालो, लालबागच्या नाक्यापर्यंत. साचे सुरू झालेले सगळ्यांनी ऐकले. त्यानंतर काय झालं ते ऐकायला गेटपाशी कोणी उरलंच नव्हतं.

गेट बाराला उघडलं. बाबा घरी आले, न जेवता भिंतीकडे तोंड करून पडले. संध्याकाळी फाउंटनला गोळीबार झाला. माणसं मेली. शेजारच्या चाळीतल्या रघूच्या मांडीत गोळी घुसली होती. दगडूमामा रक्ताने माखलेल्या शर्टानेच आमच्या दारात आले. आत आले नाहीत.

"लवू, साचे चालवलेस?"

"आमका चालवूक लावले. मगे आमीच बंद केले."

"मग बारापर्यंत आत काय भजन करत होतास?"

बाबांनी पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. दगडूमामा दाराबाहेर थुंकले आणि गेले.

मंगळवारी पेपरात गिरणीचं निवेदन आलं की आमच्या गिरणीत दुपारी बारापर्यंत साचेखातं व्यवस्थित चालू होतं आणि कामगारांनी संपाला साथ दिली नाही. पहाटे नळावर राधाबाईंनी आईची कळशी पायाने बाजूला सारली. राधाबाई, ज्यांचं बाळंतपण माझ्या आईने काढलं होतं! आई रिकामी कळशी घेऊन परत आली आणि कोपऱ्यात बसून राहिली. आमच्या घराला कोणी काही म्हटलं नाही. कोणी काही म्हणतच नव्हतं, तेच तर भयंकर होतं. आम्ही फितूर ठरलो होतो, आणि चाळीत एकदा ते लागलं की पोरांच्या लग्नापर्यंत सुटत नाही.

मी सातला शाळेत गेले. बाई अजून यायच्या होत्या. डब्यावरून कागद उतरवला आणि उजेडात धरला. चोवीस ओळींपैकी तेवीस ओळी एकदम सपाट, नितळ. इतका स्वच्छ कागद आम्ही कधी पाहिलाच नव्हता. फक्त दुसऱ्या ओळीत, आठच्या पुढे, वीतभर लांबीचा जाड पट्टा. ते बाबा होते. मला तसंच वाटलं, की हा जाड डाग म्हणजे माझे बाबा. लाख अजून बसली नव्हती. एक बोट फिरवलं की झालं. मी बोट टेकवलं.

"कमल."

बाई दारात होत्या. मी बोट उचललं. पट्ट्याच्या अलीकडे एक पांढरा ठिपका उमटला होता. मला वाटलं आता मारतील. त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, टेबलावर ठेवला, आणि समासात स्वतःच्या अक्षरात लिहिलं. मग मला विचारलं, "काय पुसत होतीस?"

मी सगळं सांगितलं. नळ, कळशी, थुंकलेले दगडूमामा. सांगताना हुंदके आवरेनात.

"तू कागद वाचलास का?"

"पाहिला."

"पाहिलास. वाचला नाहीस. आधी वाच, मग रड."

मी पट्टी घेतली. आठ वाजून नऊ मिनिटांनी रेघ जाड व्हायला लागते. रोजच्या निम्मीही जाड नाही, म्हणजे थोडेच साचे. आठ एकतीसला थांबते. बाराला नाही, आठ एकतीसला. बावीस मिनिटं! मी मान वर केली. बाई म्हणाल्या, "झालं वाचून? कशी थांबते?" मी पुन्हा वाकले. रेघ बारीक होत गेलेली नव्हती. सुरीने कापावी तशी तुटली होती. एकेक साचा बंद होत गेला नव्हता. सगळे एका क्षणी थांबले होते.

घरी धावत गेले. बाबा तसेच पडलेले. "बाबा, साचे आठ एकतीसला थांबले. एकदम. कोणीतरी मोटरचा खटका पाडला."

बाबा उठून बसले. चेहरा पांढराफटक. "कोणी सांगल्यान तुका?"

"जिन्याखालच्या यंत्राने."

"आणि नाव?"

"नाव नाही येत कागदावर."

त्यांनी मोठा श्वास सोडला. "मगे बरां आसा." मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "बत्तीस जणांनी हातार हात मारून शपथ घेतली हा. खटको कोणी पाडलो तां बोलूचा नाय. बोललो तर तेका पोलीस नेतले. सगळे म्हणतंत, तुमी साचे चालवले. चालवले, तां खराच. बंद कोणी केले तां न सांगता काय सांगू?"

तो कागद बाईंनी नेहमीसारखा भिंतीवर लावला. बातमी पसरायला मधली सुट्टी पुरली. दुसऱ्या दिवशी दगडूमामा दोन माणसांना घेऊन वर्गात आले.

"बाई, ह्यो कागद द्या. सभेत दाखवायचाय. गिरणी खोटं बोलतेय, दिवसभर रेघ सपाट हाय. फक्त हा मधला तुकडा तेवढा..."

"तेवढा काय?"

"काढून टाका. कापा न्हायतर दुसऱ्या कागदावर नव्याने काढा. गोंधळ होतो लोकांचा."

"नाही."

"बाई, माणसं मेलीत."

"माहीत आहे मला. परवा रात्रभर मी झोपले नाही." बाईंचा आवाज पहिल्यांदाच जरा हलला. "पण गिरणीने बावीस मिनिटांचे चार तास केले म्हणून तुम्ही बावीस मिनिटांचं शून्य करणार असाल, तर तुम्ही दोघं एकाच कागदावर खाडाखोड करताय. शनिवारी शाळा सुटल्यावर या. आठवीची मुलं तुम्हाला हा कागद वाचून दाखवतील. लवू घाडींनाही घेऊन या."

"त्या फितुराला?"

"त्यांना घेऊन या, नाहीतर तुम्हीही येऊ नका."

दगडूमामांना असं बोलणारं गिरणगावात तोवर कोणी नव्हतं. ते धुसफुसत गेले.

त्याच दुपारी विजयकर सर आले. सर वाईट नव्हते. घाबरट होते. शाळेच्या कमिटीचे चिटणीस नानासाहेब, आणि हेच नानासाहेब त्या गिरणीत कामगारांच्या वर साहेब होते. पेपरातलं निवेदन त्यांच्याच टेबलावरून गेलं होतं. सरांनी रुमालाने कपाळ पुसत निरोप दिला की तो कागद उतरवा, नाहीतर तुमच्याबद्दल कमिटी विचार करील.

"सर, तुम्ही स्वतः गणित शिकवता. उत्तर चिटणीसांना आवडलं नाही तर तुम्ही ते बदलता का?"

बाई बघत उभ्या राहिल्या. सर शेवटी "माझ्यावर येईल हो बाई," म्हणाले आणि निघून गेले. कागद भिंतीवरच राहिला.

शनिवारी वर्ग भरला. दगडूमामा आणि कमिटीची दहा-बारा माणसं पोरांच्या बाकांवर गुडघे मुडपून बसली. बाबा दाराजवळ उभे. त्यांच्या शेजारचा बाक रिकामाच राहिला. कोणी बसायला तयार नव्हतं. आणि ऐन वेळेवर नानासाहेबही आले, सरांना मागे घेऊन. बाईंनी त्यांनाही बाकच दाखवला.

"कमल, वाच."

मी काठीने दाखवत वाचलं. सातपासून आठ नऊपर्यंत सपाट. आठ नऊला साचेखातं सुरू, रोजच्या निम्म्याहून कमी. आठ एकतीसला बंद. पुढे साचेखात्याची रेघ दिवसभर, रात्रभर सपाट.

नानासाहेब उठले, कागदाजवळ गेले. "हा कागद बिघडवलेला आहे. हा पाहा बोटाचा डाग. शाळेत पोरांकडून पुरावे बनवून घेताय?"

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "कमल, समास वाच."

मी वाचलं. "डाग. कमल लवू घाडी हिचं बोट. बावीस नोव्हेंबर, सकाळी सात दहा. हेतू, पुसणे. पुसले गेले नाही."

नानासाहेब म्हणाले, "का पुसत होतीस?"

"माझे बाबा आत होते म्हणून." आता मला रडू येत नव्हतं, राग येत होता, सगळ्यांचाच. "मला लाज वाटली म्हणून. पण मी तेव्हा नीट वाचलं नव्हतं. रोज साचे बंद होतात तेव्हा रेघ हळूहळू बारीक होते. हे बघा, आदल्या शनिवारचा कागद. आणि हे आठ एकतीस. एकदम. साचेवाल्यांनी एकेक करून थांबवलेत असं नाही हे. मोटर थांबवलीय."

दगडूमामा बाकावरून अर्धवट उठले. वीस वर्षं साच्यावर उभा राहिलेला माणूस, त्यांना आणखी सांगायची गरज नव्हती. तरी ते हट्टाने म्हणाले, "वीज गेली असंल."

"वीज गेली असती तर सूतखातंही थांबलं असतं. ही बारीक थरथर बघा, सूतखात्याची मोटर आहे. ती आठ बेचाळीसपर्यंत नुसतीच फिरत होती. वीज होती, मामा. खटका पाडला."

दगडूमामांनी मान वळवून दाराकडे पाहिलं. बाबा जमिनीकडे बघत होते. गेटला कुलूप, बाहेर पडायला वाट नाही, समोर जॉबर, म्हणजे खात्याचे मुकादम, उभे, आणि तरी आत कोणीतरी हात वर करून खटका पाडला होता. हे सगळं त्या वर्गातल्या प्रत्येक गिरणीवाल्याच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं असणार. त्यातला एक म्हातारा उठला आणि बाबांशेजारच्या रिकाम्या बाकावर जाऊन बसला.

नानासाहेबही मूर्ख नव्हते. ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "खटका कोणी पाडला? तुझ्या बाबांनी घरी सांगितलं असेल."

मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी मला काही खूण केली नाही, डोळासुद्धा मिटला नाही. बाबांकडे बघायचं मी टाळलं.

"कागदावर नाही, साहेब," मी म्हटलं. "कागदावर नाही ते आम्ही सांगत नाही."

कोणीतरी फसकन हसलं. नानासाहेबांनी हात लांब करून कागद भिंतीवरून ओढायला घेतला. तेव्हा बाई पहिल्यांदा पुढे आल्या. "न्या. पण पोच लिहून द्या. एकवीस नोव्हेंबरचा कागद, साचेखातं आठ नऊ ते आठ एकतीस, मिळाला. तारीख, वेळ, सही." त्यांनी टाक पुढे केला आणि नेहमीसारख्या बघत उभ्या राहिल्या. नानासाहेबांचा हात कागदावर तसाच राहिला. पोच लिहिली तर पेपरातलं निवेदन स्वतःच्या सहीने खोटं ठरत होतं, आणि न लिहिता नेला तर बारा कामगारांसमोर चोरी. ते हात झटकून चालते झाले. विजयकर सर मात्र जाताना क्षणभर थांबले, चष्मा पुसून त्यांनी आठ एकतीसची जागा नीट पाहिली.

त्या संध्याकाळी दगडूमामा आमच्या दारात आले. आई आत चुलीपाशी होती. ते उंबऱ्यातच उभे राहिले. मग म्हणाले, "वैनी, तहान लागलीय. पाणी द्याल?" आईने तांब्या भरून दिला. त्यांनी तो आमच्या उंबऱ्यात, सगळ्या चाळीला दिसेल असा, उभ्याने सगळा रिकामा केला. आई पदर तोंडाला लावून रडली. दुसऱ्या दिवशी नळावर राधाबाईंनी तिची कळशी पहिली लावली, आणि आईने ती निमूट मागे घेऊन आपल्या नंबरावर ठेवली. तीही काही कमी नव्हती.

बाईंना डिसेंबरच्या शेवटी पत्र मिळालं. शाळेच्या जागेचा गैरवापर केल्याबद्दल सेवा समाप्त, आणि जिन्याखालचं यंत्र आठ दिवसांत हलवावं. बाईंनी ते पत्र वर्गात वाचून दाखवलं. आम्ही रडायला लागलो तर म्हणाल्या, "गैरवापर म्हणजे काय ते यात लिहिलेलं नाही. अर्धवट नोंद आहे." पण पत्राची घडी त्यांनी दोनदा चुकीची घातली, ते मी पाहिलं. घरी म्हातारे वडील त्यांच्याच पगारावर होते. पुढे वर्षभराने त्यांना दादरला एका शाळेत जागा मिळाली, आणि निवृत्त होईपर्यंत तिथल्या हेडमास्तरांशीही त्या भांडल्या. माफी मागा, परत घेऊ, असा नानासाहेबांचा निरोप दोनदा आला होता. दोन्ही वेळा बाईंनी एवढंच विचारलं होतं की कशाची.

यंत्र कुठे न्यायचं? आमच्या गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळाची तळमजल्यावर खोली होती, मांडवाचं सामान ठेवायची. दगडूमामांनी ती रिकामी करून फरशी उखडून ठेवली. दर रविवारी तिथे वर्ग घ्यायचा, असं बाईंनी कबूल केलं. सामान हातगाडीवरून नेऊ, असं ठरत होतं. जवळचा रस्ता मागच्या बोळातून होता. बाबा म्हणाले, बोळातून नको. पुढच्या रस्त्याने जाऊ.

पुढचा रस्ता म्हणजे गिरणीच्या गेटसमोरून. आई घाबरली. "नोकरी गेली तर पोरां काय खातली?" बाबांनी डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि ते लोखंडाचं वजन हातगाडीवर न ठेवता दोन्ही हातांनी उचलून स्वतःच्या खांद्यावर घेतलं.

साडेतीनची पाळी सुटायची वेळ होती. पुढे बाई, छातीशी घड्याळ धरून, "हळू चाला, हिसका देऊ नका," असं सगळ्यांवर खेकसत. मग डालड्याचा डबा घेऊन मी, मागे आठवीची पोरं, दांडा आणि काठी घेऊन कमिटीची माणसं. बाबा मध्ये. भोंगा झाला, गेट उघडलं आणि शेकडो माणसं बाहेर आली. ती सगळी आम्हाला बघून थांबली. गेटच्या आत, ऑफिसच्या पायरीवर, नानासाहेब उभे होते. त्यांनी बाबांना पाहिलं, आणि बाबांनी त्यांना पाहू दिलं.

वजन मणाच्या वर होतं. बाबांच्या मानेच्या शिरा टरारल्या होत्या, घाम डोळ्यांत उतरत होता. दगडूमामा जवळ सरकले. "लवू, दे इकडे. खांदा बदलू."

"नको," बाबा म्हणाले. "आधी गेट जांवदे."